गल्लीतल्या जुन्या हार्डवेअरच्या दुकानात पहिल्यांदा जाताना

घर स्वतःचं असो की भाड्याचं, राहायला आल्यावर महिन्याभरात हार्डवेअरच्या दुकानाची पायरी चढावी लागतेच. नळ गळतो, बाथरूमची कडी बसत नाही, पडद्याचा दांडा भिंतीतून उपसून येतो. जुन्या वस्तीत कोपऱ्यावर असं दुकान हमखास असतं. बाहेर घमेली आणि पाइपची भेंडोळी लटकलेली, आत लाकडी काउंटर आणि त्यामागे छतापर्यंत खण आणि पुठ्ठ्याचे खोके. वस्तू आपल्या हाताने उचलून बघायची सोय नाही, किमतीची पाटी नाही. शेजारी उभा असलेला प्लंबर "पाऊणचे एल्बो दोन, अर्ध्याचे निपल चार" एवढं बोलून सामान घेऊन निघूनही जातो.

नवखा माणूस इथे बिचकतो, कारण त्याला वाटतं की नावं माहीत असल्याशिवाय इथे काही मागता येणार नाही. खरं तर नावं माहीत असणं हे दुकानदाराचं काम आहे. तुम्हाला दोनच गोष्टी नीट सांगता यायला हव्यात: काम काय आहे आणि माप काय आहे. हा लेख त्या दोन गोष्टींसाठी आहे.

१. घरातून निघताना काय घ्यायचं

जुना भाग काढून सोबत न्या. गंजलेला असो, तुटलेला असो, तोच न्या. तुटून दोन तुकडे झाले असतील तर दोन्ही न्या. हातातला तुकडा बघून दुकानदार दहा सेकंदांत जे ओळखतो, ते वर्णनावरून पंधरा मिनिटांतही ओळखता येत नाही. नळाचा भाग काढायचा असेल तर आधी त्या बाथरूमचा किंवा गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि नळ उघडून पाइपमधलं पाणी संपू द्या.

भाग निघतच नसेल तर तीन फोटो काढा. एक लांबून, म्हणजे वस्तू कुठे बसली आहे ते कळेल. एक जवळून. आणि एक शेजारी टेप धरून, आकडे वाचता येतील असा. नुसत्या जवळच्या फोटोवरून अर्ध्या इंचाचं सामान एक इंचाचं वाटू शकतं.

सोबत हे असू द्या:

- जुना भाग, पुसून कोरडा केलेला
- ३ किंवा ५ मीटरची टेप
- मापं आणि नगांची चिठ्ठी (डोक्यात ठेवलेली मापं काउंटरच्या गर्दीत विसरतात)
- लहानसं चुंबक, फ्रिजवरचं चालेल
- जाड कापडी पिशवी. कागदाच्या पुडीतले स्क्रू आणि खिळे पातळ पिशवी फाडून खाली पडतात
- थोडे सुटे पैसे. मोबाइलवरून पैसे बहुतेक ठिकाणी घेतात, पण पाच रुपयांच्या वायसरसाठी सुटेच बरे

टेपच्या टोकाचा पत्र्याचा हूक जरा सैल असतो. तो बिघडलेला नसतो. बाहेरून अडकवून माप घ्या किंवा आतून टेकवून, दोन्ही वेळा हुकाच्या जाडीचा फरक भरून निघावा म्हणून तो मुद्दाम हलता ठेवलेला असतो. ठोकून घट्ट केलात तर पुढची मापं चुकत राहतील.

२. वेळ

सकाळी ९ ते ११ ही कारागिरांची वेळ. प्लंबर, सुतार, गवंडी दिवसभराचं सामान उचलून कामावर जाणार असतात, त्यांची रोजी त्यावर आहे. तेव्हा शंका विचारत उभं राहू नका. साडेअकरानंतर किंवा संध्याकाळी पाचच्या पुढे गेलात तर दुकानदार शांतपणे चार पर्याय काढून दाखवतो. दुपारी दुकान बंद ठेवण्याची पद्धत अजून बऱ्याच गावांत आहे, चारच्या आत जाताना ते लक्षात असू द्या.

महाराष्ट्रात अनेक गावांत हा धंदा पिढ्यानपिढ्या बोहरी समाजाच्या हातात आहे. पुण्यात रविवार पेठेत तर बोहरी आळीच आहे. मोहरमच्या पहिल्या दहा दिवसांत प्रवचनांमुळे यातली बरीच दुकानं बंद असतात. मोठं काम त्या दिवसांत काढणार असाल तर सामान आधीच आणून ठेवा.

३. काउंटरवर काय बोलायचं

गर्दीत रांग दिसत नाही, पण ती असते. आपल्या आधी कोण आलंय ते बघून ठेवा, आणि दुकानदाराची नजर आपल्याकडे वळली की जुना भाग काउंटरवर ठेवा. "काका, हा किचनच्या नळाचा आहे, बंद केला तरी थेंब थेंब गळतोय" असं पूर्ण वाक्य सांगा. "वायसर द्या" एवढंच म्हणालात तर तो वायसर देईल, आणि दोष स्पिंडलमध्ये (मुठीबरोबर नळाच्या आत फिरणारा दांडा) असेल तर तुमची दुसरी खेप होईल.

प्रत्येक मागणीसोबत तीन गोष्टी सांगायची सवय लावा:

कशावर बसवायचं आहे? विटांची भिंत, काँक्रीटचा कॉलम, टाइल, लाकूड, प्लायवूड, पत्रा. प्रत्येकाचा स्क्रू वेगळा, ड्रिलचं बिट वेगळं.

भार किती पडणार? कॅलेंडर, पडदा, पुस्तकांचं शेल्फ की झोपाळा?

पाणी किंवा ऊन लागणार का? बाथरूममधलं, गॅलरीतलं आणि बैठकीच्या खोलीतलं सामान वेगळ्या धातूचं घ्यावं लागतं.

यानंतर तो स्वतः एक-दोन प्रश्न विचारेल. विचारू द्या, त्यातच तुमचा फायदा आहे. सामान शोधणाऱ्या मदतनीसाशीही नीट बोला, कारण कुठल्या खणात काय आहे हे बऱ्याचदा मालकापेक्षा त्याला जास्त माहीत असतं. या दुकानांत खणाच्या दर्शनी बाजूला किंवा खोक्यावर आतल्या मालाचा एक नग बांधलेला असतो. नाव येत नसेल तर "तो वरून तिसऱ्या खोक्यावर आहे तसा" असं बोटाने दाखवलेलं चालतं. मात्र विचारल्याशिवाय खणात हात घालू नका. ६ नंबरचे आणि ८ नंबरचे स्क्रू एकदा मिसळले की निवडत बसणं त्यांच्याच नशिबी येतं.

४. मापं: इंच, सूत आणि एमएम

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

दुकानात तीन मापं एकाच वेळी चालतात. एक इंच म्हणजे ८ सूत. म्हणजे २ सूत पाव इंच, ४ सूत अर्धा, ६ सूत पाऊण. एक सूत सुमारे ३.२ एमएम. टेपवर इंचाचे आठ मोठे भाग दिसतात तेच सूत. सोळा रेघा असतील तर प्रत्येक रेघ अर्ध्या सुताची. "सव्वाचा" म्हणजे १ इंच २ सूत, "दीडचा" म्हणजे १ इंच ४ सूत. सळईसुद्धा कारागीर सुतातच मागतात: ८ एमएमची अडीच सुती, १० एमएमची तीन सुती, १२ एमएमची चार सुती.

पाइपचा अर्धा इंच टेपवर अर्धा इंच भरत नाही. अर्ध्या इंचाच्या नळाचे आटे (फिरवून बसवायच्या गोल खाचा) बाहेरून मोजले तर सुमारे २१ एमएम भरतात. नवखा माणूस टेप लावतो, पाऊण इंचाच्या (१९ एमएम) आसपास काहीतरी दिसतं, आणि तो "पाऊणचा नळ द्या" म्हणतो. घरी आल्यावर तो बसत नाही. खरा पाऊणचा आटा बाहेरून २६ एमएमच्या थोडा वर असतो, आणि एक इंचाचा ३३ च्या. पाइपचं नाव पूर्वी आतल्या पोकळीवरून पडलं आणि तेच पुढे चालू राहिलं. घरातले साधे नळ, शॉवर, अँगल कॉक जवळपास नेहमीच अर्ध्याचे असतात.

त्यात प्लास्टिकच्या पाइपने आणखी एक गोंधळ वाढवला आहे. भिंतीत हल्ली जो फिकट पिवळसर सीपीव्हीसी पाइप असतो, त्याची मापं वेगळ्या पद्धतीची. सीपीव्हीसीचा अर्ध्याचा पाइप बाहेरून सुमारे १६ एमएम, पाऊणचा २२ आणि एक इंची साडेअठ्ठावीस. पांढऱ्या यूपीव्हीसीचा अर्ध्याचा पाइप मात्र २१ एमएम. म्हणजे एकाचा पाऊण आणि दुसऱ्याचा अर्धा बाहेरून जवळजवळ सारखे दिसतात, पण एकमेकांच्या फिटिंगमध्ये बसत नाहीत. म्हणून माप सांगताना पाइपचा प्रकारही सांगा, आणि पाइपवर छापलेली ओळ फोटोत येईल असं बघा. दोघांचं सोल्यूशन, म्हणजे पाइप चिकटवायचा गोंदही वेगळा. "कुठलंही चालतं" असं कोणी म्हणालं तरी सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच घ्या, आणि गिझरच्या लाइनवर यूपीव्हीसी लावू नका, गरम पाण्याने तो नरम पडतो.

बोल्टचं माप म्हणजे पान्याचं माप नव्हे. "१३ नंबरचा बोल्ट द्या" असं बरेच जण मागतात, कारण तो १३ च्या पान्याने उघडला होता. १३ हे डोक्याचं माप झालं, बोल्ट आहे ८ एमएमचा. साधारणपणे ६ च्या बोल्टला १० चा पाना, ८ ला १३, १० ला १७ आणि १२ ला १९. मागताना दांड्याची जाडी आणि लांबी सांगा: "आठ बाय पन्नास". लांबी डोकं सोडून मोजतात. चपट्या शंकूसारख्या डोक्याचा, म्हणजे सीएसके असेल तर डोक्यासकट, कारण तो पूर्ण आत जातो.

जुन्या वस्तूंवर सुती बोल्ट असतात, नव्यांवर एमएमचे. चार सुती आणि १२ एमएम हातात घेतले तर सारखेच वाटतात. चार सुती नटमध्ये १२ चा बोल्ट दोन-तीन आटे आत जातो आणि अडकतो. पाना लावून जोर केला की आटे गेले, दोन्ही वस्तू वाया. याची पारख काउंटरवरच होते. अनुभवी दुकानदार तुमचा जुना बोल्ट आणि नवा बोल्ट आडवे एकमेकांना चिकटवून उजेडाकडे धरतो. आटे एकमेकांत बसले आणि मधून उजेड आला नाही, तर माप जुळलं. एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाला उचलले जात असतील, तर तो बोल्ट परत खणात जातो. ही पारख तुम्हीही करू शकता. शिवाय नट बोटांनी शेवटपर्यंत फिरवून बघा, पाना न लावता फिरला पाहिजे.

५. स्क्रू, गिट्ट्या आणि खिळे

स्क्रूच्या पाकिटावर ३५×८ असं लिहिलेलं असतं. ३५ एमएम लांबी, ८ नंबर जाडी. नंबर वाढला की स्क्रू जाड: ६ नंबर सुमारे साडेतीन एमएम, ८ नंबर सव्वाचार, १० नंबर पावणेपाचच्या थोडा वर. बोलताना लांबी इंचात येते: १९ म्हणजे पाऊण इंच, २५ एक, ३२ सव्वा, ३८ दीड, ५० दोन इंच. अख्खा डबा बहुधा शंभराचा असतो, पण जुन्या दुकानात दहा-बारा सुटे मोजून देतात. ऑनलाइन हे मिळत नाही.

विटांच्या भिंतीवर पडद्याचा दांडा लावायचा असेल तर सामान असं: दोन ब्रॅकेट, प्रत्येकाला जितकी भोकं तितक्या ६ एमएमच्या गिट्ट्या (रावल प्लग, भिंतीच्या भोकात बसवून त्यात स्क्रू पिळतात), तितकेच ३५×८ चे स्क्रू, आणि ड्रिल घरी असेल तर ६ एमएमचं भिंतीचं बिट. गिट्ट्या आणि स्क्रू चार-चार जास्त घ्या. भिंतीच्या बिटाच्या टोकाला कठीण धातूची वेगळी पात असते, लाकडाच्या बिटाला मधोमध टोक असतं. लोखंडाचं बिट भिंतीत घातलं की मिनिटाभरात बोथट होतं.

दांडा उपसून येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. आतल्या भिंतीवरचा गिलावा साधारण १२ ते १५ एमएम जाड असतो. २५ च्या बुटक्या गिट्टीचा निम्मा भाग गिलाव्यातच राहतो, आणि गिलावा भार धरत नाही. पडदा जाड असेल किंवा शेल्फ लावायचं असेल तर ८ एमएमची लांब गिट्टी आणि ५०×१० चा स्क्रू घ्या, म्हणजे पकड विटेत जाते. भोक मोठं पडून गिट्टी सैल झाली असेल तर तिच्यात काड्या कोंबू नका, एका मापाने मोठी गिट्टी घ्या.

काळे जिप्समचे स्क्रू स्वस्त आणि टोकदार असतात, ड्रिलने झटकन जातात, म्हणून सुतारही सर्रास वापरतात. ते कडक असतात आणि आडव्या भाराने तुटतात, ओलसर जागी लवकर गंजतात. दाराच्या बिजागरीला ते लावू नका. तिथे लाकडाचेच स्क्रू हवेत, आणि डोकं बिजागरीच्या खळग्यात पूर्ण बसणारं हवं. डोकं वर राहिलं तर दार शेवटच्या बोटभर अंतरात अडतं, आणि माणूस उगाच दार रंधायला लागतो.

खिळे वजनावर मिळतात: शंभर ग्रॅम, पाव किलो. चपला-गादीकामाच्या चुका (बारीक खिळे), लाकडाचे साधे खिळे आणि काँक्रीटचे खिळे वेगवेगळे. साधा खिळा काँक्रीटमध्ये वाकतो. काँक्रीटचा खिळा कडक असतो, तिरका घाव बसला तर तुटून उडतो. ठोकताना डोळ्यांवर चष्मा असू द्या. नायलॉनची दोरी, साखळी, बांधायची तार हेही बरेच ठिकाणी वजनावरच देतात, तेव्हा "दहा मीटर, ६ एमएम" असं सांगून भाव विचारा आणि वजन तुमच्यासमोर होऊ द्या.

६. नळाचं सामान

नळ कुठून गळतो ते बघून जा, त्यावर सामान ठरतं. नळ बंद असताना तोंडातून थेंब पडत असेल तर जुन्या, बरेच वेढे फिरणाऱ्या नळात वायसर गेलेला असतो. अर्ध्याचा वायसर मागा आणि दोन जास्त ठेवा. पाव किंवा अर्ध्या वेढ्यात उघडणारा नळ असेल तर आतला स्पिंडल बदलावा लागतो. त्याचे दाते आणि उंची प्रत्येक कंपनीची निराळी, जुना हातात असल्याशिवाय जाऊच नका. मुठीखालून पाणी येत असेल तर ग्लँडचं पॅकिंग, म्हणजे स्पिंडलभोवतीचं भरण, बदला. भिंतीच्या सांध्यातून येत असेल तर नळात दोष नाही, टेफ्लॉन टेप नव्याने लावावी लागेल.

टेफ्लॉनची टेप पातळ असते. दोन-तीन वेढे देऊन भागत नाही, दहा-बारा द्यावे लागतात, आणि ज्या दिशेने नळ घट्ट होतो त्याच दिशेने. उलट गुंडाळली तर फिरवताना ती गोळा होऊन बाहेर येते. जुन्या लोखंडी लाइनवर सफेदा (पांढरा लेप) आणि दोरा लावणारे प्लंबर अजून आहेत, तिथे ते चांगलं चालतं.

आणखी एक अडचण नव्या टाइल लावलेल्या घरात हमखास येते. टाइलच्या जाडीमुळे भिंतीतला एल्बो (पाइपचा काटकोनी जोड) आत राहतो, नवा नळ त्याच्यापर्यंत पोचत नाही, किंवा दोन आट्यांवर लटकतो आणि गळतो. यासाठी एक्स्टेन्शन निपल, म्हणजे मधलं अंतर भरणारा आट्यांचा तुकडा मिळतो, अर्धा इंच, एक, दीड अशा लांबीचा. टाइलच्या पृष्ठभागापासून आतले आटे किती खोल आहेत ते काडी घालून मोजून जा.

बेसिनखालचा किंवा गिझरचा कनेक्शन पाइप घेताना लांबी इंचात सांगा, १८ किंवा २४. ताणून बसेल इतका आखूड घेऊ नका. दोन्ही टोकांच्या नटांत रबरी वायसर आहे ना ते दुकानातच बघा, तो वाटेत पडलेला असतो आणि मग घरी जाऊन कितीही आवळलं तरी गळतं. सोल्यूशनचा डबा हलवून बघा. आत घट्ट गोळा झालेला असेल तर घेऊ नका. सिलिकॉन, एम-सील, पांढरं सिमेंट यांच्यावरची तारीखही वाचा.

७. दारं, खिडक्या, कपाटं

बिजागरीचं माप म्हणजे तिची उभी उंची. खिडकीला ३ इंची, दाराला ४ किंवा ५ इंची, आणि जड दाराला तीन नग. कडी-कोयंडा घेताना कुलूप सोबत न्या, कोयंड्याच्या भोकातून कुलपाचा दांडा जात नाही असं फार वेळा होतं. कुलूप किंवा लॅच बदलायचं असेल तर दार कुठे उघडतं, आत की बाहेर, आणि बिजागऱ्या डाव्या बाजूला की उजव्या, हे लिहून न्या.

कपाटाच्या आपोआप मिटणाऱ्या बिजागरीवर ०, ८ किंवा १६ क्रँक (बिजागरीच्या दांडीचा बाक) लिहिलेलं असतं. दार कपाटाची कड पूर्ण झाकत असेल तर ०, एका कडेवर दोन दारं निम्मी निम्मी येत असतील तर ८, दार कडेच्या आत बसत असेल तर १६. तिन्हींची वाटी (दारातल्या गोल भोकात बसणारा भाग) एकाच मापाची, ३५ एमएम, म्हणून चुकीची बिजागरी बसते तर नीट, पण दार मिटत नाही.

८. लोखंड, पितळ की स्टील

कोरड्या खोलीत साधं लोखंडी सामान वर्षानुवर्षं टिकतं. मुंबई, कोकण, गोवा, जिथे हवेतच खारटपणा आहे, तिथे खिडकीच्या कड्या, बिजागऱ्या आणि त्यांचे स्क्रू पितळेचे किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. स्टीलच्या बिजागरीला लोखंडी स्क्रू लावला तर आधी तोच गंजतो आणि डाग उतरतात.

"स्टेनलेस आहे" म्हटलं की २०२ की ३०४, हे विचारा. २०२ मध्ये निकेल कमी असतं, ते स्वस्त पडतं आणि किनाऱ्यावर लवकर डागाळतं. चुंबक जोरात चिकटलं तर स्टीलचा मुलामा दिलेलं लोखंड किंवा हलकं स्टील समजा. पण चिकटलं नाही म्हणून ते ३०४ च आहे असं होत नाही, २०२ लाही चुंबक फारसं चिकटत नाही. इथे खोक्यावरचा छाप आणि दुकानदाराचा शब्द यांवरच चालावं लागतं, म्हणून बिलावर "३०४" लिहून घ्या.

९. दर आणि बिल

नळ, फिटिंग, पाइप यांच्यावर छापलेली किंमत आणि दुकानातला दर यांत बऱ्यापैकी अंतर असतं. "यावर किती सूट?" हे विचारण्यात संकोच नको, तो इथला रिवाज आहे. दोन रुपयांच्या वायसरवर मात्र घासाघीस करू नका. ज्या माणसाने तुमच्यासाठी सहा खोके उतरवले त्याचा वेळ त्या दोन रुपयांत आलेला नाही.

"कंपनीचं आणि लोकल, दोन्ही दाखवा" म्हणा आणि हातात घेऊन वजन बघा. माझं मत स्पष्ट आहे: जे भिंतीत गाडलं जाणार, ज्यातून पाणी किंवा वीज वाहणार, जे डोक्यावर टांगलं जाणार, तिथे पैसे वाचवू नका. टॉवेलचा हूक, ड्रॉवरची मूठ, झाडू अडकवायची क्लिप, तिथे लोकल खुशाल घ्या. वायर घेताना आयएसआयच्या खुणेजवळ आयएस ६९४ हा मानक क्रमांक आहे का ते बघा, सीपीव्हीसी पाइपवर आयएस १५७७८. खुणेखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर या अॅपवर टाकून खरा आहे का ते तपासता येतं.

कागदावर आकडेमोड करून मिळालेली चिठ्ठी म्हणजे बिल नव्हे. नळ, मिक्सर, ड्रिल मशीन, कुलूप अशा वस्तूंचं पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख घालून घ्या. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी दिसली तरी सदोष वस्तूला ती लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. बिलावर परत घेण्याची मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

सदोष नसलेल्या, नुसत्या मापात चुकलेल्या वस्तूची गोष्ट निराळी. ती परत घेणं हा दुकानदाराचा चांगुलपणा आहे, म्हणून घेतानाच विचारा: "नाही बसलं तर बदलून द्याल ना?" बहुतेक जण हो म्हणतात, अट एवढीच की खोकं फाटलेलं नसावं आणि आट्यांना टेप किंवा सोल्यूशन लागलेलं नसावं. कापलेली वायर, कापलेला पाइप, मिसळून दिलेला रंग कोणी परत घेत नाही.

१०. कारागीर, आणि दुकानात वस्तू नसेल तर

काम स्वतः होण्यासारखं नसेल तर प्लंबर किंवा सुतार याच काउंटरवर विचारा. ज्याचं काम कच्चं त्याच्या तक्रारी आधी दुकानात येतात, त्यामुळे कोण नीट काम करतो हे त्यांना ठाऊक असतं. मजुरी मात्र कारागिराशी आधी ठरवा, आणि सामान तो आणणार की तुम्ही, हेही. अनेक दुकानांत लोखंडी पाइपला आटे पाडून देतात, किल्लीची नक्कल करून देतात, काही ठिकाणी ड्रिल मशीन दिवसाच्या भाड्यावर मिळतं.

वस्तू नसेल तर "कुठे मिळेल?" हे विचारून मगच निघा. पुण्यात हार्डवेअर आणि हत्यारांसाठी बोहरी आळी, विजेच्या सामानासाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. मुंबईत लोहार चाळ आणि नागदेवी स्ट्रीट. हे घाऊक बाजार आहेत. तिथे डझन आणि ग्रोसवर (१४४ नग) व्यवहार चालतो, एका नगासाठी सगळेच थांबत नाहीत. पोचल्यावर पहिला प्रश्न "सुटं मिळेल का?" हा विचारा, आणि रविवारी जाऊ नका, मुंबईतल्या या बाजारांची बहुतेक शटरं त्या दिवशी खाली असतात.